कव्हरवर एवढं तरी लिहा : मागे कोण गातंय?

कराओकेच्या डिस्कच्या कव्हरवर गाण्यांची यादी असते, मूळ गायकाचा फोटो असतो, किंमत असते, कोपऱ्यात कंपनीचा पत्ता असतो. गाणाऱ्याला ज्याची खरी गरज असते, ते मात्र कुठेच नसतं. ट्रॅकमध्ये, म्हणजे गायकाशिवायच्या साथसंगीतात, कोरस (मागे गाणाऱ्यांचा आवाज) ठेवलाय की काढलाय? युगुलगीतातला दुसरा आवाज आहे का? पट्टी कुठली आहे?

मी मुंबईत लॅमिंग्टन रोडला अ‍ॅम्प्लिफायर आणि मिक्सर दुरुस्त करतो. सुट्टीच्या दिवशी कराओकेच्या कार्यक्रमांना साउंड लावतो. दादर, माटुंगा, पार्ले, मुलुंड, कधी सोसायटीची गच्ची, कधी गणपतीचा मंडप. लोक डिस्क आणतात, कुणी तीच गाणी पेनड्राइव्हवर उतरवून आणतं. स्टेजवर काय होतं ते कन्सोलमागून मला सगळ्यात आधी कळतं, आणि या एका न लिहिलेल्या ओळीपायी मी चांगल्या चांगल्या गाणाऱ्यांची पंचाईत झालेली पाहिली आहे.

परळच्या एका महिला मंडळाने हळदीकुंकवाला कोळीगीत बसवलं होतं. एक आजी पुढे गाणार, बाकीच्या मागे धरणार. घरी पेटी-ढोलकीवर तालीम झाली होती आणि ती उत्तम झाली होती, कारण त्या हॉलमध्ये आल्या तेव्हा जिन्यातच गात होत्या आणि सगळ्या एका सुरात होत्या. डिस्क नवी, दादरहून आणलेली, पाकीट तिथेच फोडलं. मी ट्रॅक लावला. आजींनी पहिली ओळ म्हटली, मागच्या बायकांनी ती उचलली, आणि त्याच क्षणी स्पीकरमधूनही बायकांचा कोरस सुरू झाला. रेकॉर्डवरचा कोरस ओळ दोनदा म्हणत होता, यांनी एकदाच बसवली होती. दुसऱ्या कडव्याला सगळ्याच थांबल्या. त्यातली एक वहिनी माझ्याकडे आली. “दादा, ह्यात तर आधीच बायका गातायत. मग आम्ही काय करायचं?”

त्याच महिन्यात ठाण्याचे एक काका कव्वालीच्या अंगाचं गाणं घेऊन आले. एकटेच गाणार होते. त्यांच्या ट्रॅकमध्ये कोरस अजिबात नव्हता. जिथे मागच्या मंडळींनी ओळ परत म्हणायची, टाळ्या द्यायच्या, तिथे नुसता ढोलक चालला होता. काका प्रत्येक ओळीनंतर थांबून वाट बघत होते. उतरल्यावर म्हणाले, “मागे कुणीच नव्हतं रे.”

दोन्ही डिस्कच्या कव्हरवर एकच मजकूर होता : कराओके, सोबत गाण्याचे बोल. दोन्ही डिस्कमध्ये तसा काहीच दोष नव्हता. मंडळासारखी कोरस ठेवलेली डिस्क काकांना मिळाली असती आणि काकांसारखी कोरस काढलेली डिस्क मंडळाला मिळाली असती, तर दोघांचे कार्यक्रम छान झाले असते. म्हणून कोरस ठेवा की काढा, यावर माझा वाद नाही. जे काय असेल ते लिहा, एवढंच मागणं आहे.

आपल्या गाण्यांत मागचा आवाज शोभेपुरता नसतोच. शाहीर पोवाडा म्हणतो तेव्हा ‘जी जी रं जी’ झीलकरी उचलतात, तेवढ्यात शाहिराला दम घ्यायला मिळतो. भजनात बुवांनी चरण म्हटला की टाळकरी ध्रुवपद धरतात. कोळीगीत, गोंधळ, भारूड, लावणी, कुठलंही घ्या, मागचे गप्प बसले तर अर्धं गाणं गेलं. सिनेमाच्या गाण्यांतही संगीतकारांनी हा कोरस मापून बसवलेला असतो. तो आहे की नाही हे न सांगता ट्रॅक विकणं म्हणजे गाणं अर्धवट सांगून विकणं.

हा गोंधळ होतो कुठून, तर ट्रॅक बनवण्याच्या पद्धतींतून. मूळ कंपनीकडे प्रत्येक आवाजाचं आणि वाद्याचं रेकॉर्डिंग वेगवेगळं जपलेलं असेल, तर मुख्य आवाज बंद करून बाकीचं तसंच देता येतं, अशा डिस्कमध्ये कोरस मूळचा राहतो. काही ट्रॅक कीबोर्डवर नव्याने वाजवलेले असतात. तिथे कोरससाठी गायक बोलवायचे की त्या जागी बासरी वाजवून भागवायचं, हे वाजवणारा आणि त्याचं बजेट ठरवतं. तिसरा प्रकार स्वस्तातला. स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये मुख्य गायकाचा आवाज बहुतेक वेळा मधोमध, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला सारखाच असतो. एक बाजू उलटी करून दुसरीत मिसळली की मधलं सगळं पुसलं जातं. पण मधोमध बेस आणि ड्रमचा ठोकाही असतो, तोही जातो. कोरस मात्र दोन्ही बाजूंना पसरलेला असतो, म्हणून तो मागे उरतो, आणि मुख्य आवाजाचा घुमारा भुतासारखा ऐकू येत राहतो. जुन्या मोनो गाण्यांवर ही युक्ती चालतच नाही, दोन्ही बाजू एकच असल्यामुळे सगळं गाणंच पुसलं जातं.

2019 मध्ये डीझर या फ्रेंच कंपनीने ‘स्प्लीटर’ नावाचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं. गाण्यातून आवाज, ड्रम, बेस वेगळे काढणं त्यानंतर फार सोपं झालं. पण त्याच्या लेखी माणसाचा आवाज तो सगळा एकाच गटातला. मुख्य गायकाबरोबर कोरसही जातो. हल्ली कोरस नसलेले इतके ट्रॅक माझ्याकडे येतात, त्यातले बरेच असेच बनलेले असणार असं मला त्यांच्या आवाजावरून वाटतं. गाळलेल्या कोरसच्या जागी व्हायोलिनसुद्धा थोडं चिरकं होतं, कान सरावला की ते कळतं.

व्हीसीडीचं, म्हणजे व्हिडिओ असलेल्या सीडीचं, आणखी वेगळं. 1993 साली व्हीसीडीचं मानक आलं आणि आशियात घरगुती कराओके त्यावर बरंच पसरलं. त्यात एक सोय असायची : एका चॅनलवर नुसतं संगीत, दुसऱ्यावर गायकासकट गाणं. रिमोटवरचं ऑडिओचं किंवा एल-आरचं बटण दाबून हवं ते निवडायचं. कव्हरवर फार तर ‘मल्टिप्लेक्स’ एवढा एक शब्द. बटण न दाबता लावली की दोन स्पीकरमधून दोन गोष्टी, एकीकडे गायक, दुसरीकडे रिकामं संगीत. ‘डिस्क खराब आहे, आवाज जात नाही’ म्हणून लोकांनी अशा चांगल्या डिस्क दुकानात परत केल्या आहेत. आणि बटण दाबल्यावरही कोरस बऱ्याचदा राहतोच, कारण तो संगीताच्या चॅनलमध्येच मिसळलेला असतो.

परदेशातून नातेवाईक आणतात त्या डिस्क वेगळ्याच. त्या सीडी-प्लस-जी प्रकारच्या. साधी ऑडिओ सीडीच, पण तिच्या एरवी न वापरल्या जाणाऱ्या भागात सोळा रंगांतली अक्षरं भरलेली. आपल्याकडच्या साध्या डीव्हीडी प्लेअरवर बहुधा गाणं वाजतं, अक्षरं दिसत नाहीत. ते चिन्ह कव्हरवर असतं, पण इतकं बारीक की साठीच्या माणसाला भिंगाशिवाय दिसू नये.

सगळ्यात जास्त भांडणं लावतो तो युगुलगीतांवरचा ‘फीमेल’ हा शिक्का. एका कंपनीच्या यादीत त्याचा अर्थ असा की बाईचा आवाज ठेवलाय, पुरुषाने गायचं. दुसरीच्या यादीत तो ट्रॅक बाईने गायचा, पुरुषाचा आवाज आत आहे. तिसरीने पट्टी बायकांसाठी वर नेलीय, आवाज दोन्ही काढलेत. काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्या गृहस्थासमोर बराच वरचा, काळी चारचा ट्रॅक सुरू झाला की त्याने काय करावं? पट्टी मी लॅपटॉपवर उतरवू शकतो, पण एवढं उतरवलं की ढोलकी ढोलासारखी वाजते.

पूर्वी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउस या दुकानात गाणं ऐकून मग घ्यायची सोय होती. ते 2016 मध्ये बंद झालं. आज बंद पाकीट घ्यायचं, म्हणजे भिस्त फक्त कव्हरवर.

आणि कायदा कव्हरवर बरंच काही मागतो. कॉपीराइट कायद्याचं कलम 52अ सांगतं की ध्वनिमुद्रण बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्क कोणाकडे आहेत आणि पहिल्यांदा कोणत्या वर्षी प्रसिद्ध झालं, हे छापलंच पाहिजे. पाकीटबंद मालाच्या 2011 च्या नियमांनुसार किंमत आणि तक्रारीचा पत्ताही लागतो. म्हणजे गाण्याचा मालक कोण ते मला कळतं, पण आत कोण गातंय ते कळत नाही. खाण्याच्या पाकिटावर हिरवं चिन्ह बघून आपण क्षणात ठरवतो, तसं एखादं चिन्ह इथे छापायला किती शाई लागेल? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालाचा दर्जा, प्रमाण, किंमत यांची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. तक्रारीसाठी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे आणि 1975 पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत आपल्याच शहरात आहे. पण शंभर-दीडशे रुपयांच्या डिस्कसाठी कुणी तिथवर जात नाही, आणि म्हणूनच हे वर्षानुवर्षं असंच चाललंय.

1971 मध्ये जपानमधल्या कोबेच्या दाइसुके इनोउए यांनी कराओके यंत्र बनवलं. त्याआधी त्यांनी एका उद्योजकाला सहलीत गाता यावं म्हणून साथीची टेप करून दिली होती, त्याच्या गळ्याला आणि चालीला बेतून. त्या गृहस्थाला टेपमध्ये काय आहे ते पक्कं ठाऊक होतं. आपल्या वहिनींना आणि काकांनाही तेवढं ठाऊक असावं.

ट्रॅक बनवणाऱ्या मंडळींनो, प्रत्येक गाण्यापुढे लिहा : कोरस आहे किंवा नाही. युगुलगीत असेल तर कोणाचा आवाज ठेवलाय आणि कोणी गायचंय, पूर्ण वाक्यात. पट्टी, म्हणजे पांढरी-काळीचा आकडा. मूळ संगीत आहे, नव्याने वाजवलंय की सॉफ्टवेअरने आवाज गाळलाय. मराठीत लिहिलंत तर फारच चांगलं, विकत घेणारे बहुतेक आमच्या चाळी-सोसायट्यांतलेच आहेत.

तोवर मी माझ्यापुरती सोय केली आहे. हाताखालून गेलेल्या प्रत्येक डिस्कच्या पाकिटावर मार्करने नोंद करतो : ‘को. आहे’, ‘को. नाही’, ‘बाईंचा आवाज आत’, ‘का. ४’. माझ्याकडे कार्यक्रम ठरवणाऱ्यांना सांगून ठेवलंय, डिस्क निदान आठवडाभर आधी द्या, मी पूर्ण ऐकून कळवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. परळच्या मंडळाने पुढच्या वेळी तसंच केलं. मी कोरस नसलेला ट्रॅक शोधून दिला, आणि आजींच्या मागच्या बायकांसाठी मी दोन माइक जास्त लावले.