प्ताहवर ऊन पडत नाही

२२ फेब्रुवारीच्या पहाटे सव्वातीनला दक्षिण इजिप्तमधल्या अबू सिम्बेलच्या फाटकासमोर आम्ही रांगेत उभे होतो. प्राचीन इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याच्या या देवळात वर्षातून दोनदा, २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरच्या सुमारास, उगवतं ऊन थेट गाभाऱ्यापर्यंत पोचतं, ते बघायला. कोल्हापूर, सांगली आणि पाटण भागातली ३१ माणसं, अंगात स्वेटर, कानाला मफलर. इजिप्त म्हणजे उकाडा असं समजून येणाऱ्यांना अस्वान धरणाच्या नासर तलावावरचा पहाटेचा वारा चांगलाच झोंबतो. एरवी या रांगेत माझ्यासारख्या टूर मॅनेजरला एकच प्रश्न येतो, फोटो मिळेल का. त्या दिवशी कोल्हापूरच्या एका आजींनी विचारलं, "आमच्या अंबाबाईला किरण आधी पायावर येतंय, मग वर चढतंय. हितं आधी कुठं येणार?"

किरणोत्सव पाहिलेलं माणूसच हे विचारू शकतं. आणि याचं उत्तर तोंडी देऊन भागत नाही, मांडून दाखवावं लागतं.

देवळाच्या आत गाईडला बोलायला बंदी आहे. गर्दी आत थबकली की रांग तुंबते आणि श्वासाचा दमटपणा भिंतींवरच्या कोरीवकामाला लागतो. त्यामुळे जे सांगायचं ते बाहेर. आमच्या इजिप्शियन गाईडनं (त्याला तिथं सगळे 'उस्ताज' म्हणतात) काठीनं वाळूत नकाशा काढला. दरवाजा, मग आठ खांबांचं मोठं दालन, मग चार खांबांचं लहान दालन, एक आडवी खोली, आणि शेवटी गाभारा. दरवाजापासून गाभाऱ्यापर्यंत साधारण ६० मीटर. सगळे दरवाजे एका रेषेत, आणि ती रेषा थेट पूर्वेकडे नसून पूर्वेपासून सुमारे ११ अंश दक्षिणेकडे कललेली. गाभाऱ्यात मागच्या भिंतीला टेकून चार मूर्ती बसलेल्या आहेत. आपण समोर उभे राहिलो तर डावीकडून देव प्ताह, देव आमुन-रा, स्वतः राजा दुसरा रामसेस आणि सूर्यदेव रा-होराख्ती.

मग पाण्याच्या चार बाटल्या ओळीनं ठेवल्या, नाश्त्याच्या खोक्याला चौकोनी भोक पाडून त्यांच्यापुढं धरलं आणि टॉर्च पेटवला. टॉर्च सावकाश वर उचलला तसा बाटल्यांवरचा उजेडाचा चौकोन खाली उतरला. कोल्हापूरला सूर्य मावळत असतो, खाली जात असतो, म्हणून किरण पायांवरून वर चढतात. इथं सूर्य उगवून वर चढत असतो, म्हणून उजेड वरून खाली येतो. आजींनी स्वतः टॉर्च हातात घेऊन दोनदा वर-खाली करून पाहिला आणि म्हणाल्या, "म्हंजे हितं तोंडावर आधी, पायावर नंतर."

बरोबर तसंच. आकडे घालून बघा. ६० मीटर खोलीवर सूर्य एक अंश वर चढला की किरण साधारण एक मीटर खाली येतो. त्या अक्षांशावर, त्या दिवसांत सूर्याला एक अंश चढायला जेमतेम साडेचार मिनिटं लागतात. म्हणजे डोक्यावर पडलेला उजेड वीसेक मिनिटांत पायांवरून उतरून जमिनीवर पोचतो आणि खेळ संपतो. 'वीस मिनिटांचा चमत्कार' असं जे सांगतात, त्यातली वीस मिनिटं अशी येतात.

खाली उतरताना उजेड आडवाही सरकतो. उत्तर गोलार्धात उगवता सूर्य सरळ वर जात नाही, दक्षिणेकडे तिरका चढतो. त्यामुळे आतला उजेड उत्तरेकडे, म्हणजे बघणाऱ्याच्या उजव्या हाताला जातो. आमुन-राकडून रामसेसकडे, तिथून रा-होराख्तीकडे. डाव्या टोकाचा प्ताह त्याच्या वाटेत येतच नाही.

तारखांबद्दल मात्र तिथं दर वर्षी चुकीचं सांगितलं जातं. २२ फेब्रुवारी हा रामसेसचा राज्याभिषेकदिन आणि २२ ऑक्टोबर त्याचा जन्मदिवस, असं कित्येक गाईड छातीठोकपणे सांगतात. कुणी उलटंही सांगतात. याला पुरावा नाही. त्याच्या राज्यारोहणाची तारीख माहीत आहे ती शेमू, म्हणजे कापणीच्या ऋतूतल्या तिसऱ्या महिन्याचा २७वा दिवस. तो त्या काळी मेच्या अखेरीस पडत होता. शिवाय प्राचीन इजिप्तचं व्यवहाराचं वर्ष बरोबर ३६५ दिवसांचं, त्यात लीप दिवस नाही. दर चार वर्षांनी ते सूर्यापासून एक दिवस सुटायचं. रामसेसनं ६६ वर्षं राज्य केलं, तेवढ्यात १६ दिवसांचा फरक पडला असता. वाढदिवसाच्या तारखेला बांधलेलं ऊन त्याच्या हयातीतच चुकलं असतं. ऊन चुकत नाही ते सूर्याला बांधलेलं असल्यामुळे. दोन तारखा का, तर २१ डिसेंबरच्या दोन्ही बाजूंना साधारण साठ दिवसांवर सूर्य जवळजवळ त्याच जागी उगवतो. अंबाबाईचा किरणोत्सव नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर, असा दोनदा येतो तो याच हिशेबानं. तिथं अंतर एकेचाळीस-बेचाळीस दिवसांचं आहे. हे सांगितल्यावर रांगेतली सांगलीची दोन माणसं बोटांवर दिवस मोजत बसली.

आता व्यवहाराचं. अस्वानहून अबू सिम्बेल रस्त्यानं सुमारे २८० किलोमीटर, तीन ते साडेतीन तास. रोजच्या सहलीसारखं पहाटे चारला निघालात तर २२ तारखेला काहीच दिसणार नाही. फेब्रुवारीत तिथं सूर्य सहा वाजून वीस मिनिटांच्या आसपास उगवतो. म्हणून आदल्या दिवशीच गावात मुक्काम हवा, आणि खोल्या काही महिने आधी धरायला हव्यात. ऑक्टोबरात आणखी एक फसगत होते. २०२३पासून इजिप्तमध्ये उन्हाळी वेळ (घड्याळ एक तास पुढं) पुन्हा सुरू झाली आहे आणि ती ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारपर्यंत चालते. जुन्या माहितीत २२ ऑक्टोबरचा सूर्योदय पाच वाजून बावन्नचा दिसेल, घड्याळात तो सहा बावन्नला होईल. तासभर आधी पोचलं तर फार बिघडत नाही. पण ग्रुपला वेळ चुकीची सांगितली आणि सूर्य आला नाही की माणसं रांग सोडून चहाला जातात.

आत उजेड वीस मिनिटं, बाहेर माणसं हजारोंनी. एका माणसाला गाभाऱ्यासमोर दोन सेकंद धरले तरी वीस मिनिटांत सहाशेच जण. त्यातला एखादा व्हिडिओ काढायला थबकला की मागचे पंधरा जण हुकले. फ्लॅश चालत नाही. चालला असता तरी त्यानं तो तांबूस उजेड पुसूनच टाकला असता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मधल्या वाटेत मोबाईल उंच धरणं. किरण त्याच वाटेनं येतो, त्यामुळे हाताची सावली थेट रामसेसच्या छातीवर पडते आणि मागच्या प्रत्येकाच्या फोटोत येते.

म्हणून आमची पद्धत ठरलेली आहे. मुक्काम दोन रात्रींचा, आणि ग्रुपचे दोन भाग. १८ जण २२ला आत, १३ जण बाहेर. बाहेरच्यांनी २३ला आत जायचं. एका दिवसात उगवत्या सूर्याची जागा सुमारे ०.४ अंश सरकते, म्हणजे गाभाऱ्यात उजेड साधारण ४० सेंटीमीटर हलतो. एवढ्यानं दृश्य बिघडत नाही आणि गर्दी मात्र ओसरलेली असते. ज्यांना तारखेचा हट्ट नाही त्यांना मी २१ किंवा २३ तारीखच सुचवतो.

बाहेर थांबणं म्हणजे उरलंसुरलं पदरात पडणं, असं मुळीच नाही. आजी आपणहून बाहेरच्या १३ जणांत आल्या. गर्दीत ढकलाढकली नको, उद्या निवांत बघू, म्हणाल्या. सहा वाजता आकाश फटफटलं तेव्हा चारही बसलेले रामसेस राखाडी दिसत होते, प्रत्येक सुमारे २० मीटर उंच. डावीकडून दुसऱ्याचा वरचा भाग प्राचीन काळच्या भूकंपात कोसळला, तो पायाशी तसाच पडलेला आहे. मग तलावापलीकडून सूर्याची कड वर आली आणि पहिला रंग चढला तो मूर्तींवर नाही, अगदी वरच्या ओळीवर. तिथं वानरं कोरलेली आहेत, हात वर करून उगवतीकडे तोंड केलेली बबून जातीची. ही वानरं पहाटे कलकलाट करतात, तो इजिप्शियनांना सूर्याचं स्तवन वाटायचा. तांबूस रंग वानरांवरून मुकुटांवर, मुकुटांवरून चेहऱ्यांवर उतरला. "हे बघा, वरनं खालीच आलं," आजी म्हणाल्या.

ऊन दरवाजावरच्या कोनाड्यात आलं तेव्हा उस्ताजनं सगळ्यांना तिकडं बघायला लावलं. ससाण्याच्या तोंडाचा देव, डोक्यावर सूर्यबिंब. तो झाला 'रा'. त्याच्या एका हाताशी प्राण्याच्या मुंडक्याचा दंड आहे, त्याचा उच्चार 'उसेर'. दुसऱ्या हाताशी सत्याची देवी 'मात'. तिन्ही जोडून वाचलं की उसेर-मात-रा, म्हणजे रामसेसचं सिंहासनावरचं नाव. दोन्ही बाजूंना राजा त्या देवाला मातची मूर्ती अर्पण करताना कोरला आहे. म्हणजे राजा स्वतःच्या नावालाच नैवेद्य दाखवतो आहे. मला अख्ख्या देवळात ही जागा सगळ्यात ग्रेट वाटते, आणि आत धावणाऱ्या गर्दीतले बहुतेक जण तिच्या खालून मान वर न करता जातात.

आतले १८ जण पावणेसातच्या सुमारास बाहेर आले. चौदा जणांना उजेड मिळाला, चौघांना फक्त जमिनीवरचा शेवटचा पट्टा. पाटणचे एक काका त्या चौघांत होते. ते चिडले नव्हते, पण त्यांनी विचारलं, "तो डावीकडचा अंधारातच का ठेवला?"

सरावाचं उत्तर असं की प्ताहचा पाताळाशी संबंध, त्याला उजेड नको. पण प्ताह मुळात मेम्फिस या जुन्या राजधानीचा देव, कारागिरांचा, घडवणाऱ्यांचा. मेम्फिसमधल्या त्याच्या देवळाचं नाव होतं हुत-का-प्ताह, प्ताहच्या आत्म्याचं घर. ग्रीकांच्या तोंडी त्याचं 'आयगुप्तोस' झालं आणि त्यावरून आपण 'इजिप्त' म्हणतो. ज्याच्या घराचं नाव सगळ्या देशाला पडलं, तो तिथं कोपऱ्यात सावलीत बसलेला आहे. काका परत दरवाजापर्यंत गेले आणि लांबूनच हात जोडून आले.

परतीची वाट टेकडीला वळसा घालून जाते, आणि तिथं सांगावं लागतं की ही टेकडी खरी नाही. अस्वानच्या मोठ्या धरणाचं पाणी चढू लागल्यावर १९६४ ते १९६८ या काळात युनेस्कोच्या पुढाकारानं दोन्ही देवळं (हे मोठं आणि शेजारचं लहान) कापून हलवली, सुमारे ६५ मीटर वर आणि २०० मीटर मागं. हजाराहून जास्त ठोकळे, मोठे ठोकळे ३० टनांपर्यंतचे. कापताना दर्शनी भागावर वाळूचा ढीग घातला होता, वरून दगड निसटला तरी चेहऱ्यांना लागू नये म्हणून. दिसणाऱ्या बाजूची करवतीची चीर ६ मिलिमीटरपेक्षा रुंद होऊ द्यायची नाही, असा दंडक होता. मोठ्या देवळावर काँक्रीटचा घुमट आहे आणि त्यावर दगडमातीचा डोंगर. हे सगळं करताना ती ११ अंशांची दिशा जपली, म्हणून आज ऊन आत येतं. पाण्याखाली जाणारा नुबिया, म्हणजे दक्षिण इजिप्त आणि उत्तर सुदानचा नाईलकाठ, वाचवण्याच्या युनेस्कोच्या एकूण मोहिमेत आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची तुकडीही होती, बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली १९६२मध्ये तिनं नुबियात अफयेह इथं उत्खनन केलं.

दुपारी जेवण एका नुबियन घरी होतं. पांढरी भिंत, निळा दरवाजा, अंगणात वाळूच. यजमान साठीचे, काकांना 'या हाग्ग' म्हणत होते. तिकडे कुठल्याही वडीलधाऱ्या माणसाला मानानं अशीच हाक मारतात. आल्याचा वास असलेली नुबियन कॉफी, जबना, मातीच्या भांड्यातून लहान कपात ओतली जात होती. काकांनी उस्ताजमार्फत विचारलं, तुमचं जुनं गाव कुठं? यजमानांनी कप खाली ठेवला आणि दारातून दिसणाऱ्या पाण्याकडे बोट केलं.

१९६३-६४मध्ये इजिप्तमधले सुमारे पन्नास हजार नुबियन उठवले गेले आणि कोम ओम्बोजवळ वसवले गेले. इथून ते तीनशे किलोमीटरवर. नदीकाठची मातीची ऐसपैस घरं सोडून काँक्रीटच्या एकसारख्या ओळी मिळाल्या. खजुराची झाडं पाण्याखाली गेली, आणि नुबियन घराची पत खजुराच्या झाडांवर मोजली जायची. नंतर काही कुटुंबं तलावाकाठी परतली, हे त्यांतलंच एक. तिकडच्या नव्या वसाहतींना नावं मात्र जुनीच आहेत, बल्लाना, कुस्तुल, तोश्का.

काकांचं मूळ गाव कोयनेच्या पाण्यात गेलेलं. त्यांनी विचारलं, "गाव उठताना देव कुणी हलवले?" उस्ताजला आधी प्रश्नच कळेना. यजमानांना कळला. म्हणाले, रामसेसचं देऊळ जगानं हलवलं. आमच्याकडच्या पिरांच्या कबरी तशाच राहिल्या. निघायच्या आदल्या दिवशी बायाबापड्या कबरस्तानात गेल्या, पाणी शिंपडलं, मूठभर माती बांधून घेतली.

"आम्ही बी माती आणली होती," काका म्हणाले. यजमानांनी त्यांचा रिकामा कप उचलून पुन्हा भरला. आजींनी बसमधून आणलेला राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा उघडून ताटात पालथा केला.

दुसऱ्या दिवशी, २३ला, आमचे १३ जण आणि कालचे चौघे पुन्हा आत गेले. रांग कालच्या निम्मीही नव्हती. रामसेसच्या डोक्यावरून उजेड छातीपर्यंत उतरला तेव्हा आजी कडेच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, मधली वाट मोकळी ठेवून. रखवालदारानं त्यांना पुढं सरका म्हटलं नाही.