मूठ वर, पण झडप मिटल्यावरच

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धनमधल्या आमच्या घराची कौले उडाली आणि समुद्राकडच्या जुन्या सागवानी खिडक्यांची तावदाने फुटली. त्या खिडक्या एरवीही पावसाळ्यात फुगून अशा बसत, की गणपतीपर्यंत उघडायचे नाव नको. दुरुस्तीत त्या जागी यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, ‘टिल्ट अँड टर्न’ खिडक्या आल्या.

मूठ खाली असताना झडप चारही कडांनी चौकटीत अडकते; आडवी केली की दारासारखी आत उघडते; आणि सरळ वर केली की तळ जागेवर राहून वरची कड काही इंच आत कलते. बाहेर काहीच उघडत नसल्यामुळे जुने गज आणि डासांची जाळी बाहेरच्या बाजूला कायम राहिली, आणि काचेवर बसणारा खारा थर दोन्ही बाजूंनी घरातूनच पुसता येऊ लागला. सरळ पडणाऱ्या पावसाचे शिंतोडे कललेल्या काचेवरून खाली ओघळून चौकटीच्या भोकांतून बाहेर जातात. झड आली तर मात्र पाणी बाजूच्या फटींतून थेट गादीवर येते, तेव्हा मुकाट्याने खिडकी मिटावी.

पहिल्याच जुलैत, वीज गेलेली असताना, मी उघड्या झडपेची मूठ घाईने वर केली. ती जड झडप बिजागरीकडच्या वरच्या कोपऱ्यात चौकटीपासून सुटून तिरकी लोंबकळू लागली. आता ही पायावर पडणार, या भीतीने मी तिला दोन्ही हातांनी धरून उभा, आणि आई फोन माझ्या कानाला लावून. खिडकी बसवणाऱ्याने शांतपणे सांगितले, की बिजागरीकडचा वरचा कोपरा चौकटीशी दाबून धरा आणि मूठ पुन्हा आडवी करा. तसे करताच बिजागरी जागेवर आली. असा घोटाळा रोखणारा खटका झडपेच्या कडेला बसवता येतो; तो आमच्याकडे का नव्हता, हे त्याने सांगितले नाही.

पडवीकडचे दारही याच जातीचे आहे. चौकट तळाशीही असल्याने त्याला उंबरठा आहे, म्हणून आई खूश. त्याला बाहेरून मूठ नाही. त्यामुळे पुढचे दार जुन्या कडीकोयंड्याचेच ठेवले. खाऱ्या हवेत गंजू नयेत म्हणून दर दोन महिन्यांनी मी बिजागऱ्या गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून शिवणयंत्राचे तेल सोडतो. झडप आत फिरते, त्यामुळे आईची लोणच्याची बरणी तेवढी खिडकीतून फळीवर गेली आहे, आणि त्याबद्दल मला अजून ऐकावे लागते.