कूलर बसला आणि नेट गेलं

नागपुरातून अमरावती रोडने वाडी सोडून गोंडखैरीकडे निघालं की दोन्ही बाजूंना पत्र्याची गोदामं लागतात. त्यातली बरीच मुख्य रस्त्यापासून आत, शेतातल्या वाटेवर आहेत आणि तिथवर फायबर आलेलं नाही. जिथे आलंय तिथेही रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली की कितीतरी दिवस जोडणी होत नाही. अशा ठिकाणी बिलिंगचा संगणक यूएसबी डोंगलवर चालतो, म्हणजे सिम घालून संगणकाला लावायच्या पेनड्राइव्हएवढ्या मॉडेमवर. या जोडण्या बसवणं आणि बिघडल्या की पुन्हा उभ्या करणं हे माझं काम. मे महिन्यातली एक केस इथे तपशिलात लिहितोय, कारण हीच तक्रार दर उन्हाळ्यात येते आणि दर वेळी खापर टॉवरवर फुटतं.

गोदाम पीव्हीसी पाइपांचं. कोपऱ्यात विटांची दहा बाय बाराची ऑफिसची खोली, वर पत्रा, एकच खिडकी. संगणकाच्या मागच्या पोर्टात डोंगल. सुपरवायझर म्हणाला, "सकाळी नेट मस्त चालते दादा, दुपारी एक वाजला का टावर बसते. एप्रिलपर्यंत काहीच झंझट नव्हती."

त्यातलं दुसरं वाक्य महत्त्वाचं होतं, पण आधी दारात भरून उभ्या असलेल्या गाड्या सोडायच्या होत्या. परराज्यात जाणारा माल ५० हजारांच्या वर असला की जीएसटीच्या ई-वे बिलाशिवाय गाडी हलत नाही (राज्यातल्या राज्यात महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे). डोंगल बंद पडलं की पहिला उपाय फोनचा: फोन यूएसबी केबलने संगणकाला जोडायचा आणि सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करायचं. विंडोजला तो नेटवर्क कार्डासारखा दिसतो, आणि केबलवर फोन चार्जही होत राहतो. वायफाय हॉटस्पॉटपेक्षा हे जास्त भरवशाचं.

इथे मात्र एक गाठ निघाली. ई-वे बिलाच्या पोर्टलवर लॉगिन करताना ओटीपी येतो, आणि नोंदणीच्या नंबरचं सिमच डोंगलमध्ये घातलेलं. मुनीमजी रोज डोंगलच्या पानावरच्या (ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या त्याच्या सेटिंगच्या पानावरच्या) संदेशांच्या खिडकीतून ओटीपी वाचायचे. म्हणजे डोंगल गेलं की नेटबरोबर ओटीपीही गेला. ते सिम काढून एका साध्या अँड्रॉइड फोनमध्ये टाकलं आणि त्याच फोनवरून टेदरिंग केलं. ओटीपीही आला, बिलंही निघाली, गाड्या गेल्या. हे सिम नंतर डोंगलमध्ये परत घातलं नाही. डोंगलला फक्त डेटासाठी वेगळं सिम हवं, फर्मच्या नावावर. आणि ते नॅनो आकारात कापून अ‍ॅडॉप्टरमध्ये बसवू नका. बऱ्याच डोंगलचा खण मोठ्या सिमचा असतो. सिम काढताना अ‍ॅडॉप्टरच्या रिकाम्या चौकटीत आतल्या पिना अडकतात आणि वाकतात. नवीन सिम ज्या तीन आकारांच्या कार्डात येतं, त्यातूनच मोठ्या आकारात तोडायचं.

मग खऱ्या कामाला लागलो. दोष कुठे आहे हे ठरवायला मी नेहमी एकच चाचणी लावतो. संगणकावर कमांड प्रॉम्प्टच्या दोन काळ्या खिडक्या उघडायच्या आणि दोन्हीत सतत चालणारं पिंग, म्हणजे 'आहेस का' अशी पुन्हा पुन्हा हाक, लावायचं: एक बाहेरच्या पत्त्याला, म्हणजे ८.८.८.८ ला, आणि दुसरं खुद्द डोंगलच्या पत्त्याला. हुआवेच्या डोंगलचं पान बहुधा १९२.१६८.८.१ वर उघडतं, झेडटीईचं १९२.१६८.०.१ वर. बाहेरचं पिंग तुटलं आणि डोंगलचं चालू राहिलं, तर प्रश्न सिग्नलचा, सिमचा किंवा प्लॅनचा. दोन्ही एकदम तुटली, तर डोंगलच बंद पडतंय, टॉवरचा संबंध नाही. ही चाचणी फक्त स्वतःचं पान असलेल्या डोंगलवर चालते. डायल करावं लागणाऱ्या जुन्या धर्तीच्या डोंगलला स्वतःचा पत्ता नसतो.

त्या दुपारी दोन्ही खिडक्या एकदम थांबल्या, आणि त्याच क्षणी विंडोजचा तो उपकरण काढल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने उपकरण जोडल्याचा. डोंगल स्वतःहून बंद होऊन चालू होत होतं. टॉवर निर्दोष सुटला.

डोंगल असं बंद-चालू होण्याची दोन मोठी कारणं: वीज कमी पडणं आणि तापणं. यूएसबी २.० चं पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३.० चं ९००. डोंगल पाठवण्याच्या झटक्यात त्या ५०० च्या जवळ जातं. कॅबिनेटच्या समोरच्या पोर्टापर्यंत आतून बारीक वायर येते, तिच्यात व्होल्टेज पडतं. बिनअ‍ॅडॉप्टरचा हब असेल तर माउस, प्रिंटर आणि डोंगल मिळून एकाच पोर्टाची वीज वाटून घेतात. ओळखायची खूण अशी की पान उघडताना काही होत नाही, पण फाइल अपलोड करायला घेतली की डोंगलचा दिवा विझतो. यूएसबी मीटर मध्ये लावून बघायचं: अपलोड चालू असताना ४.७५ व्होल्टच्या खाली जात असेल तर वीज कमी पडतेय. इथे ४.९ होते. वीज ठीक होती.

राहिली उष्णता. डोंगल संगणकाच्या मागे, भिंतीपासून चार बोटांवर, पॉवर सप्लायची गरम हवा थेट अंगावर. टोपणावर बोट टेकवून धरता येत नव्हतं. बहुतेक डोंगलच्या माहितीपत्रकावर वापराचं तापमान ३५ ते ४० अंशांपर्यंतच लिहिलेलं असतं, आणि नागपुरात मे महिन्यात बाहेरच ४५ पर्यंत जातं. पत्र्याखाली, भिंतीला चिकटून, संगणकाच्या मागे किती असेल याचा अंदाज करा. टेबलफॅनची हवा डोंगलवर सोडली. त्यानंतर पिंग तुटलं नाही. कारण सापडलं, पण निम्मंच. ऊन एप्रिलमध्येही काही कमी नसतं, मग तेव्हा का चाललं?

डोंगलच्या पानावर सिग्नलच्या दांड्या न बघता आकडे बघावेत. आरएसआरपी म्हणजे टॉवरचा सिग्नल इथे किती ताकदीने पोचतो तो आकडा, आणि एसआयएनआर म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत तो किती स्वच्छ आहे तो. आरएसआरपी उणे ९० च्या आत असेल तर उत्तम, उणे १०० पर्यंत कामाचा, उणे ११० च्या पुढे रडतखडत. एसआयएनआर १० च्या वर असावा; शून्याजवळ आला की दांड्या भरलेल्या असूनही पान फिरत राहतं. खोलीत आकडे होते उणे १११ आणि २. लॅपटॉपला डोंगल लावून ओसरीत आलो, तर उणे ९३ आणि १३. फरक १८ डेसिबलचा, म्हणजे बाहेरची ताकद आतल्याच्या साठपटीहून जास्त. चार पावलांवर!

खोलीची ती एकच खिडकी बरोबर वाडीच्या टॉवरच्या दिशेला. आणि मे लागताच तिच्यात पत्र्याचा मोठा कूलर बसला होता. तिन्ही बाजूंना लोखंडी पत्रा, आत पाण्याने भरलेली टाकी, ओल्या ताट्या. पत्रा रेडिओलहर परतवतो आणि पाणी ती शोषतं. विटांच्या भिंती आणि वरचा पत्रा आधीच अडवत होते, उरलेली एकमेव वाट कूलरने बुजवली. खात्री करायला स्टँडसकट कूलर दोन फूट बाजूला सरकवला. त्याच जागी आरएसआरपी उणे १११ वरून उणे ९९ वर आला. परत लावला, परत १११.

आता सगळं जुळलं. टॉवरचा सिग्नल दुबळा झाला की टॉवर डोंगलला जास्त जोराने पाठवायला सांगतो. ४जी डोंगलची कमाल ताकद साधारण २०० मिलिवॉट, पण तेवढं हवेत सोडायला आतला अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या कितीतरी पट वीज खातो, आणि उरलेल्या सगळ्याची उष्णता होते, तीही काडेपेटीएवढ्या बंद प्लास्टिकात. एप्रिलमध्ये डोंगल हळू बोलून भागवत होतं, आता दिवसभर ओरडत होतं. सकाळी हवा थंड म्हणून निभायचं, दुपारी नाही.

मे महिन्यात नागपुरातल्या माणसांना कूलर काढा म्हणता येत नाही आणि म्हणूही नये. हलवायचं ते डोंगल. मालकांना कुणीतरी सिग्नल बूस्टर सुचवला होता. परवान्याशिवाय असा बूस्टर बसवणं बेकायदेशीर आहे, शिवाय तो आसपासच्या सगळ्यांचं नेटवर्क बिघडवतो, म्हणून ते मी लगेच थांबवलं. बाहेरच्या अँटेनाचा विचार केला. काही डोंगलना बाजूला झाकणाखाली त्यासाठी दोन बारीक सॉकेट असतात. पण अँटेनाच्या साध्या आरजी-५८ केबलमध्ये १८०० मेगाहर्ट्झला मीटरमागे पाऊण डेसिबलच्या आसपास जातं, १० मीटरमध्ये सात-आठ. अँटेनाने कमावलेलं केबल खाते. आणि डोंगल त्या तापलेल्या जागीच राहतं.

लांब यूएसबी केबलही नको. यूएसबी २.० ची मर्यादा ५ मीटर, आणि बाजारातल्या बारीक केबलवर ३ मीटरलाच व्होल्टेज पडतं. केबलवर २८/२४ असं छापलेलं बघून घ्या: पहिला आकडा डेटाच्या वायरचा, दुसरा विजेच्या. २४ ही जाड वायर. २८/२८ असेल तर डोंगलसाठी नको.

म्हणून यूएसबी पोर्टचा राउटर घेतला. घेताना पेटीवर ३जी-४जी मॉडेम चालतो असं स्पष्ट लिहिलेलं आणि कंपनीच्या यादीत आपलं डोंगल आहे हे बघावं. पुष्कळ राउटरचं यूएसबी पोर्ट फक्त हार्ड डिस्क आणि प्रिंटरसाठी असतं. दुसरी खबरदारी पत्त्याची. राउटरही १९२.१६८.०.१ आणि डोंगलही १९२.१६८.०.१ असेल तर दिवे सगळे हिरवे लागतात आणि नेट मात्र येत नाही. राउटरचा पत्ता १९२.१६८.५०.१ सारखा वेगळा करून टाकायचा.

राउटर खोलीतच, ओसरीच्या भिंतीला आतून लावला. भिंतीत बाहेरच्या बाजूला उतार देऊन भोक पाडलं, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही. त्यातून दीड मीटरची २८/२४ केबल बाहेर काढली आणि टोकाला डोंगल, ओसरीच्या उत्तर बाजूला, जिथे दिवसभर सावली असते. वर पत्र्याला लागून नाही, तिथे उष्णता साठते. माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर. पेटी प्लास्टिकची. लोखंडी पेटीत ठेवलं तर कूलरचीच गत. पेटीला खाली आणि बाजूला झाकणाच्या पन्हाळीखाली भोकं, डोंगल उभं टांगलेलं, कुठल्याही बाजूला न टेकलेलं. राउटर ते संगणक कॅट-६ ही नेटवर्कची केबल. ही १०० मीटरपर्यंत चालते, त्यामुळे राउटरची जागा सिग्नल बघून ठरवता येते. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस. लाइट गेली तरी बिल अर्ध्यात अडकत नाही.

आकडे उणे ९२ आणि १४ आले. भर दुपारी डोंगलवर हात ठेवला तर नुसतं कोमट.

जाता जाता बाकीचं आवरलं. एपीएनमध्ये, म्हणजे सिमच्या नेटच्या सेटिंगमध्ये, आयपीचा प्रकार फक्त आयपीव्ही४ (जुन्या धर्तीचे पत्ते) होता, तो आयपीव्ही४व्ही६ (जुने-नवे दोन्ही) केला. विंडोजमध्ये ही जोडणी मीटर्ड, म्हणजे मोजक्या डेटाची, म्हणून नोंदवली, नाहीतर अपडेटच दिवसाचा डेटा संपवतात आणि मग वेग ६४ केबीपीएसवर उतरला की पोर्टलचं लॉगिनही पार पडत नाही. मालकांना घरून कॅमेरे बघायचे होते. २ एमबीपीएसचा एक कॅमेरा तासाला सुमारे ९०० एमबी ओढतो, म्हणून सतत नाही, गरजेपुरतंच आणि कमी दर्जावर. मोबाइल नेटवर स्वतःचा सार्वजनिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट गाठता येईल असा पत्ता, सहसा मिळत नाही, त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी राउटरने आत कॅमेऱ्याकडे वळवणं) चालत नाही. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या क्लाउड सेवेतूनच बघावं लागतं.

निघणार तेवढ्यात वजनकाट्याचा आकडा संगणकावर यायचा थांबला. मागच्या पोर्टातून डोंगल काढताना कुणीतरी काट्याची यूएसबी-सिरियल केबल (काट्याचं जुन्या धर्तीचं सिरियल पोर्ट यूएसबीला जोडणारा कन्व्हर्टर) शेजारच्या पोर्टात लावली होती. स्वस्त कन्व्हर्टरना स्वतःचा अनुक्रमांक नसतो, म्हणून पोर्ट बदललं की विंडोज त्यांना नवा कॉम नंबर (सिरियल पोर्टचा क्रमांक) देतं, आणि काट्याचं सॉफ्टवेअर जुन्यावरच वाट बघत बसतं. केबल जुन्या पोर्टात परत लावली, आकडा आला. पोर्टावर आणि केबलवर एकाच रंगाची चिकटपट्टी लावून दिली.