गॅरेजमधला तो 'ई'

दर गणपतीत कोणीतरी गॅरेजमध्ये खुर्च्या आणायला जातं आणि परत आल्यावर विचारतंच: "अहो, ते एवढं थोरलं 'ई' अक्षर कशाला ठेवलंय? हिवाळ्यात गाडी बाहेर आणि हे आत!" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सांगून टाकते.

आधी तुमची भीती घालवते, की या पाटीच्या दिव्याच्या नळीत पारा असेल. पारा असतो तो निळ्या नळीत, आरगॉन वायूबरोबर. माझं अक्षर लाल, म्हणजे नुसता निऑन वायू. आणि नळी आणतानाच तडकली, त्यामुळे तोही केव्हाच उडाला. मुलं खुशाल खेळू देत.

रूट वन महामार्गावरच्या डायनरच्या, म्हणजे रस्त्याकडेच्या खाणावळीच्या, पाटीतला हा ई. डायनर तुम्ही पाहिलेला आहे. 'त्यात जपण्यासारखं काय' म्हणणाऱ्यांना इतकंच सांगते की न्यू जर्सीत हे डायनर अख्खेच्या अख्खे कारखान्यात बनायचे, एलिझाबेथला, पॅटरसनला, आणि मग रस्त्याकडेला आणून बसवायचे. पाटीची नळी कारागीर आचेवर धरून हाताने वाकवायचा. आता एलईडीची पट्टी कापून चिकटवली की झालं. अर्थात हे सगळं मी नंतर वाचलं. तेव्हा ते काही खरं कारण नव्हे.

2003 मध्ये अण्णा आले होते. तिसऱ्याच दिवशी हौसेने त्यांना तिथे नेलं. ग्रिल्ड चीज मागवलं, कॉफी आली, कपाखाली बशी. अण्णांनी सवयीने कॉफी बशीत ओतली, फुंकर मारली आणि एक भुरका घेतला. मी दबक्या आवाजात म्हणाले, "अण्णा, इथे असं पीत नाहीत."

"बरं," म्हणाले. बशीतली कॉफी परत कपात ओतली, रुमालाने बोटं पुसली आणि हात मांडीवर ठेवून बसले. वेट्रेस कप भरायला आली, तर कप भरलेलाच. तिला वाटलं कॉफी बिघडली. अण्णा घाईघाईने "गुड, गुड" म्हणाले, तरी तिने तो कप नेला आणि दुसरा वाफाळता आणून ठेवला. त्यालाही त्यांनी हात लावला नाही. मीही "प्या हो" म्हणाले नाही. पलीकडच्या टेबलावर एक ट्रकवाला टोस्टने बशीतला बलक निपटून खात होता. आमच्याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं. बाहेर पडताना पाटीचा लाल उजेड त्यांच्या पांढऱ्या शर्टावर पडला होता.

डायनर बंद होणार कळल्यावर 'वाचवा' म्हणणाऱ्या अर्जावर मी तावातावाने सही केली. त्याआधी चार वर्षं तिथे पाऊल टाकलं नव्हतं. मुलांना बरिटो बोल हवा असायचा, मला ओक ट्री रोडवरचा डोसा. पॅनकेकपासून मुसाकापर्यंत सगळं असलेला तो जाडजूड मेन्यू कोणाला हवा होता? कोविडनंतर रात्रीचंही बंद केलं त्यांनी. सही करणारीला मी आज विचारलं असतं, 'बाई, शेवटचं बिल कधी भरलंस?' तिने उत्तर दिलं असतं की जागा तिथे असणं पुरतं, खायलाच जायला हवं असं कुठे आहे. तिचं पटत नाही. खोडताही येत नाही.

पुढे एकदा फोनवर अण्णांना त्या बशीचं विचारलं. म्हणाले, "कुठली बशी? मला ते केकचं फिरतं कपाट आठवतंय." खरंच विसरले होते की माझी सोय बघत होते, कोण जाणे. आता विचारायला तेही नाहीत.

नळी दुरुस्त करणार का? नाही. आणि गाडी बाहेरच राहील. तिच्यावरचा बर्फ मीच काढते ना!