रामटेकची टेकडी अंबाळ्याच्या बाजूनं

नागपूरहून मनसरमार्गे रामटेक पन्नासेक किलोमीटर. बहुतेक जण गाडी थेट गडापर्यंत नेतात, दर्शन घेतात नि जेवायच्या वेळेला घरी. त्यांचं त्यांना लखलाभ. टेकडी पाहायची असेल तर अंबाळा तलावाकडच्या पायऱ्यांनी चढा. डोंगर घोड्याच्या नालेसारखा वळलाय आणि तलाव त्याच्या कुशीत आहे. वर पोचलं की पूर्वेला खिंडसी तलावाचं पाणी दिसतं. गडाजवळची केवल नरसिंह नि रुद्र नरसिंह ही पाचव्या शतकातली वाकाटकांची देवळं. तिथे अर्धा तास हाताशी ठेवा.

इथला दगड म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी टेकडीचा काळा बसाल्ट नव्हे. हा क्वार्टझाइट आणि अभ्रकी शिस्ट, थराथरांनी सुटणारा. पायऱ्या सोडून पायवाटेला लागलात तर चढताना काही जाणवत नाही. उतरताना चपटी कपची बुटाखालून सरकते. पाऊल आडवं टाका, गुडघा सैल ठेवा. पावसाळ्यात शेवाळ, मार्चनंतर सागाची वाळकी पानं, घसरायचं तेवढंच.

खरा ताप ऑक्टोबरपासून, गवताच्या कुसळाचा. त्याची शेपटी दोरीसारखी पिळलेली असते. घामानं ओली झाली की पीळ उलगडतो आणि टोक मोज्यातून आत शिरत जातं. टोकावरचे केस मागे वळलेले, म्हणून शेपटी धरून ओढलं तर ती तुटते नि टोक आतच राहतं. मोजा काढून उलटा करा, टोक चिमटीत धरून पुढच्या दिशेनंच ओढा. लोकरी मोजे नकोच. गुळगुळीत नायलॉनची पँट घोट्यापर्यंत.

वानरं तर असणारच. त्यांना प्लास्टिकच्या पिशवीची सळसळ बरोबर कळते. नारळ-फुटाणे पाठपिशवीच्या तळाशी, पाण्याची बाटलीही आतच. पिशवी हिसकलीच तर खेचाखेची करू नका, सोडून द्या. हुप्प्याचे सुळे खोल जातात. नजरेला नजर भिडवू नका, दात दाखवून हसूही नका, त्याला ती धमकी वाटते.

माणशी दोन लिटर पाणी, सहाला सुरुवात, एप्रिल-मे सरळ टाळा. आणि झाडावरची वानरं एकाच दिशेला बघून खोकल्यासारखी खॅक-खॅक करू लागली तर तो बिबट्या-वाघाचा इशारा समजा, तिकडच्या झाडीत शिरू नका. आल्या वाटेनं, एकत्र, बोलत पायऱ्यांवर या.