बिनमिठाची शंकरपाळी

आमच्या घरात एका स्टीलच्या डब्याच्या झाकणावर टिकली चिकटवलेली आहे. मोठी, लाल, सासूबाईंच्या पाकिटातली. तो डबा चिंगीचा. टिकली लावायची वेळ का आली ते सांगत नाही, कारण ज्यांनी चहाबरोबर त्यातली चार खाल्ली ते नात्यातले आहेत आणि हे वाचतात.

चिंगी म्हणजे आमची कुत्री. गावठी, तांबूस, एक कान उभा आणि एक पडलेला, वजन 14 किलो. सहा वर्षांपूर्वी ऐन पावसात पार्किंगमधल्या एका स्कूटरखाली सापडली आणि "फक्त आजची रात्र" म्हणून वर आली. रोज सकाळी मी तिला वेताळ टेकडीवर नेते. टेकडीवर मोर आहेत. मोर दिसला की मी कोण, कुठली, हिला काही आठवत नाही. घसा बसेपर्यंत हाका मारायच्या, ती झुडपातून शेपटी तेवढी दाखवणार. खिशात ग्लुकोजची बिस्किटं ठेवून बघितली. चार दिवस आली, पाचव्या दिवशी मोर जिंकला. तेवढ्यात लसीकरणाच्या वेळी डॉक्टरांनी बिस्किटांबद्दल विचारलं आणि मी खरं सांगून बसले. "मैदा आणि साखर भरवताय तुम्ही तिला," ते म्हणाले. "बोलावल्यावर यावं असं वाटत असेल तर मांसाचं काहीतरी द्या. वासाला धावेल."

आता हे सांगणं सोपं आहे. मी कोल्हापूरची, माहेरी रविवारी मटण नसेल तर कोणीतरी आजारी आहे असं समजायचे. सासर मात्र पुण्यातलं, शुद्ध शाकाहारी. लग्नानंतर तह झाला तो असा, की स्वयंपाकघरात काही यायचं नाही. बाल्कनीत काय करायचं ते करा. त्यामुळे बाल्कनीत माझा वेगळा संसार आहे: एक इंडक्शन, एक ओटीजी, दोन पातेली, एक सुरी, एक परात आणि दोरा बांधून ठेवलेलं मिक्सरचं भांडं. आम्हा दोघांची हौस तिथेच भागते. चिंगीचा खाऊही तिथेच सुरू झाला.

पहिल्यांदा केला तेव्हा डोकं लावलं नाही. चिकनवाल्याकडे अर्धा किलो कलेजी स्वस्तात मिळाली, ती उकडून, वाटून, गव्हाच्या पिठात मळून भाजली. वास असा की खालच्या मजल्यावरचा बोका वर आला. चिंगीने टुणकन उड्या मारून खाल्ली, मी कौतुकाने आणखी दिली, आणि पहाटे तीनला ती दाराशी उभी राहून माझ्याकडे अशी बघत होती, की मी चपला न घालताच खाली पळाले. त्या रात्री तीन वेळा. कलेजी भारी पडते हे तेव्हा कळलं. पोट बिघडतं ते वेगळंच, पण त्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं की रोज भरपूर दिली तर ते अंगात साठून हाडांना त्रास होतो. आता मी कलेजी वासापुरती घालते, बाकी खिमा.

खिमा आणायला गेलं की चिकनवाला हमखास विचारणार, "ताई, हिरवा मसाला टाकून देऊ?" नको म्हटलं की त्याला वाईट वाटतं. मी समोर उभी राहून, कातडं काढलेलं बोनलेस घेऊन करून घेते, एकही हाडाची कपची नको म्हणून. शिजलेलं हाड कुत्र्याला कधीच द्यायचं नाही, ते चिरफळतं आणि आतडं फाडतं. हे मला माहेरी कोणी सांगितलं नव्हतं. तिथे ताटातली हाडं अंगणातल्या कुत्र्याचीच असायची.

पण खरी परीक्षा हाडांची नाही, हाताची. तीस वर्षं ज्या हाताने खिमा परतला त्याला खिमा म्हणजे आधी कांदा, मग आलं-लसूण, मग आमची कांदा-लसूण चटणी एवढंच ठाऊक. आणि कुत्र्याला नेमकं तेच विष. कांदा, लसूण, पात, सगळं. कच्चं असो, शिजवलेलं असो, नाहीतर वाळवून केलेली पूड असो. त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि गंमत अशी की त्रास लगेच दिसत नाही, दोन-चार दिवसांनी कुत्रं मलूल होतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, तोवर आपण काय दिलं ते विसरलेलो असतो. रश्श्यातला तुकडा नळाखाली धुऊन द्यायची पद्धत आमच्याकडेही होती. डॉक्टरांनी कान उपटल्यावर बंद झाली.

तर एकदा फोनवर आईशी बोलत बोलत खिमा पातेल्यात टाकला, बोलत बोलत हलवला, आणि बोलत बोलत त्यात चमचाभर आलं-लसणाची पेस्ट घातली. चर्रर्र झाल्यावर वास आला तेव्हा कळलं. आई तिकडून विचारतेय, "काय करतीस गं?" मी म्हटलं, "चिंगीला खाऊ करत होते, आता खिमा-पाव करतेय." ती म्हणाली, "कुत्र्याला वेगळं करतीस व्हय? मग बरं झालं की." चिंगी बाल्कनीच्या दारात बसून आमचं जेवण होईपर्यंत एकटक बघत होती. तेव्हापासून एक नियम केला: चिंगीच्या दिवशी मसाल्याचा डबा आणि पेस्टची बाटली आतल्या फ्रिजमध्ये, बाल्कनीचं दार बंद, फोन बंद.

आता प्रमाण बसलंय ते सांगते. खिमा 300 ग्रॅम, कलेजी 100 ग्रॅम. दोन्ही नुसत्या पाण्यात, वेगवेगळं. खिम्याचा गुलाबी रंग गेला की पुरे. ते पाणी फेकायचं नाही, पीठ मळायला तेच. कलेजी वाटून घ्यायची. एक गाजर किसायचं, लाल भोपळ्याची वाटीभर फोड वाफवून कुस्करायची. भोपळ्याने पोट जागेवर राहतं, हे आमच्याकडे अनुभवाने सिद्ध आहे. कधी गाजराऐवजी फरसबी बारीक चिरून, कधी दुधी, पण दुधीचा तुकडा आधी मी चाखते, कडू असला तर सगळाच टाकायचा. मग ज्वारीचं पीठ 200 ग्रॅम, मिक्सरमधून काढलेले ओट्स 50 ग्रॅम आणि एक अंडं. अंडं लागतंच, ज्वारीला चिकटपणा नाही. लाटायला गेलं की कडा फुटतात, म्हणून मी लाटतच नाही, भाकरी थापायच्या हाताने परातीत थापते. करंगळीच्या रुंदीएवढी जाड. मग शंकरपाळ्याच्या कातण्याने बोटाच्या पेराएवढे तुकडे. एवढ्यात दीडशेच्या आसपास होतात.

आणि मीठ नाही. साखर नाही. तूप नाही.

हे सासूबाईंना कसं पटवायचं? त्या मांसाला हात लावत नाहीत, पण बाल्कनीच्या दारापासून चार फुटांवर खुर्ची टाकून बसतात आणि तिथून सगळ्यावर लक्ष.

"मोहन किती घातलंस?"

"मोहन नाही घालायचं, आई."

"मग खुसखुशीत कशी होणार?"

"तिला खुसखुशीत नको आहे."

"तुला काय माहीत?" थोड्या वेळाने, "मीठ?"

"मीठही नाही."

"बिचारीला शिक्षा आहे का काही! निदान वेलची-जायफळ तरी लाव वासाला."

जायफळही कुत्र्यांना चालत नाही हे सांगितलं तेव्हा त्यांनी सुस्कारा टाकला आणि विचारलं, मग ह्या कुत्र्यांना चालतं तरी काय. प्रश्न रास्त होता. मनुका, द्राक्षं नाहीत, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चॉकलेट नाही. बिनसाखरेच्या गोळ्यांत घालतात ते झायलिटॉल तर अजिबात नाही, त्याने रक्तातली साखर धाडकन उतरते. दिवाळीचा फराळ करताना डोकं जागेवर ठेवावं लागतं ते ह्यामुळे.

पण सासूबाईंची किंमत मला जुलैत कळली. तोवर मी तुकडे 170 अंशांवर पंचवीस मिनिटं भाजायची, उलटायची, आणखी पंधरा मिनिटं, आणि बाहेर काढून हाताला सोसेल इतके गार झाले की डब्यात. उन्हाळ्यात हे चालून गेलं. जुलैत चौथ्या दिवशी डबा उघडला तर वरच्या थरावर राखाडी मखमल. खालचे तुकडे दिसायला चांगले होते, पण बुरशी आली की सगळा डबा जातो, वरचे काढून खालचे द्यायचे नाहीत. दीडशेतले सव्वाशे कचऱ्यात गेले. चिंगी कचऱ्याच्या डब्यापाशी सुतकात बसल्यासारखी बसली.

"घाम आला त्यांना," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "भट्टीतून काढल्या काढल्या डबा बंद केलास ना?"

मग त्यांनी त्यांच्या लहानपणची नानकटाई काढली. मे महिन्याच्या सुटीत तूप, साखर, रवा, मैदा घेऊन बेकरीत जायचं, नंबर लावायचा, तिथेच मळायचं, पत्र्यावर गोळे मांडायचे आणि भट्टीतून पत्रे बाहेर येईपर्यंत बाकावर पाय हलवत बसायचं. घरी आणताना डबा उघडा, वर नुसतं फडकं. झाकण लावून आणलं की आजीचा ओरडा, कारण आतली वाफ परत नानकटाईतच जिरायची आणि संध्याकाळपर्यंत ती मऊ पडायची. "आणि टोस्ट कसे टिकतात?" त्या म्हणाल्या. "बेकरीवाला एकदा पाव भाजतो, कापतो आणि परत भट्टीत टाकतो. तू एकदाच भाजतेस."

मी गप्प. बरोबर होतं. बिस्कीट ह्या शब्दाचा मुळातला अर्थच दोनदा भाजलेलं असा आहे. कुत्र्यांची बिस्किटं पहिल्यांदा विकायला आणली ती जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसाने, लंडनमध्ये, 1860 च्या सुमारास. गहू, भाज्या, बीट आणि मांस. म्हणजे माझी पाककृती काही नवी नाही. असं सांगतात की जहाजावरच्या खलाशांची दगडासारखी बिस्किटं बंदरावरची कुत्री चघळताना बघून त्याला हे सुचलं. ती बिस्किटं महिनोन्महिने टिकायची ती कोरडी ठणठणीत म्हणूनच. सासूबाईंना ही गोष्ट सांगितली तर म्हणाल्या, "म्हणजे त्यालासुद्धा कळलं होतं."

आता भाजून झाल्यावर ओटीजी 100 अंशांवर आणते आणि दारात लाकडी उलथनं अडकवून तासभर, कधी दीड तास ठेवते. उलथन्याच्या फटीतून वाफ निघून जाते. मग बंद करून तुकडे रात्रभर आतच. सकाळी एक मोडून बघायचा: काडकन मोडला तर झालं, वाकला तर परत. एवढं करूनही आत खिमा आहे हे विसरायचं नाही, पावाच्या टोस्टसारखे ते बाहेर महिनाभर राहणार नाहीत. आठवड्यापुरते टिकलीच्या डब्यात, फ्रिजमध्ये. बाकीचे फ्रीझरमध्ये, छोट्या पिशव्यांत, दोन महिन्यांच्या आत संपवायचे. आणि परात, सुरी, ओटा साबणाने. कच्चं चिकन ते कच्चं चिकन, कुत्र्यासाठी असलं म्हणून जंतू कमी नसतात.

कितीला पुरतात, हे विचाराल तर इथे माझं आणि नवऱ्याचं भांडण आहे. खाऊ दिवसभराच्या खाण्याच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, असं डॉक्टरांनी बजावलंय. चिंगीला दिवसाला साधारण आठशे कॅलरी लागतात. माझ्या हिशोबाने एक तुकडा दहा कॅलरींचा पडतो. म्हणजे दिवसाला आठ. मी सकाळी आठ तुकडे मोजून एका वाटीत काढते. पाच टेकडीवर, तीन घरी. कॅलरी हा शब्द नवऱ्याला फक्त चिंगीच्या बाबतीत अन्याय वाटतो.

टेकडीवर काय झालं म्हणाल तर, येते. नेहमी नाही. मोर शंभर पावलांवर असेल तर हाक ऐकून थांबते, माझ्याकडे बघते, मोराकडे बघते आणि कान पाडून परत येते. मोर दहा पावलांवर असेल तर मी अजूनही कोणी नाही. मागच्या आठवड्यात तिच्याऐवजी दुसऱ्यांची दोन लॅब्रॅडॉर आली, माझ्या खिशाला नाकं लावून. त्यांच्या मालकाने आधी ओशाळून माफी मागितली आणि मग पाककृती. त्यांना लिहून द्यायला बसले तेच हे लांबलं.

वाटीतल्या घरच्या तीन तुकड्यांचा मात्र हिशोब लागत नाही. चार वाजता तीन असतात, साडेचारला दोन. नवरा ऑफिसात. सासूबाई खुर्चीत, डोळे मिटून जप करतायत. मांसाला त्या हात लावत नाहीत, हे मी चोवीस वर्षं बघतेय. पापड भाजायचा जुना चिमटा हल्ली बाल्कनीच्या खिळ्याला लटकवलेला असतो. काल साडेचारला मी तो सहज उचलून बघितला. टोकाला लाळ होती.