हत्तीचे गुडघे

थॉमस ब्राउनचा विषय काढला की मला हमखास विचारलं जातं: ज्या समजुती खोट्या आहेत हे आज शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे, त्यांच्यावरचं पावणेचारशे वर्षांपूर्वीचं पुस्तक कशाला वाचायचं? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. त्या समजुती कशा टिकल्या, ते पाहायला मी ते वाचते.

ब्राउन इंग्लंडमधल्या नॉरिचचा डॉक्टर. १६४६ साली त्याने ‘स्यूडोडॉक्सिया एपिडेमिका’ छापलं. स्यूडोडॉक्स म्हणजे खोटं मत. हा शब्द इंग्रजीतून आता गेल्यातच जमा आहे.

हत्तीच्या पायांना सांधे नसतात, असं तेव्हा मानलं जायचं. तो झाडाला टेकून झोपतो, शिकारी ते झाड आधीच करवतून ठेवतात, मग झाडासकट कोसळलेल्या हत्तीला उठता येत नाही! ब्राउन म्हणतो, अहो, थोड्याच वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये ठिकठिकाणी हत्ती दाखवला गेला, गुडघे टेकताना आणि आडवा होतानासुद्धा. पुढे तो लिहितो की आज ही समजूत दबली असली, तरी पुढच्या पिढीत पुन्हा डोकं वर काढू शकते. अख्ख्या पुस्तकात मला हे सर्वांत मोलाचं वाटतं.

मेलेला खंड्या टांगला की त्याची छाती वाऱ्याकडे वळते, हीदेखील एक समजूत. ब्राउनने रेशमाच्या धाग्याने खंड्या टांगून पाहिला. एकाच खोलीत दोन टांगले, तर दोघांची तोंडं पुष्कळदा विरुद्ध दिशांना!

पण चुकांची कारणं सांगताना माणसाचा भाबडेपणा, आळस, जुन्या ग्रंथांवरची श्रद्धा यांच्यानंतर तो सैतानालाही कारण धरतो. तिथे मी दर वेळी अडखळते. कारण १६६२ मध्ये बरी सेंट एडमंड्सच्या कोर्टात एमी डेनी आणि रोझ कलेंडर या दोन विधवांवर काही मुलींवर चेटूक केल्याचा खटला चालला, तेव्हा याच ब्राउनने साक्ष दिली की त्या मुलींना खरोखर चेटूकच झालंय. त्याच खटल्यात एका मुलीचे डोळे बांधून पाहिलं होतं. आरोपी बाईऐवजी दुसऱ्याच बाईने हात लावला, तरी मुलीला तसाच झटका आला. हे सगळं ढोंग आहे, असं तो प्रयोग पाहणाऱ्यांनी कोर्टाला सांगितलंही. तरी ज्यूरीने दोघींना दोषी ठरवलं आणि त्यांना फाशी झाली.